रांगेचे गणित आणि सहलीचे नियोजन

व्यापारी कुटुंबाला सर्व पिढ्यांनी एकत्र प्रवासास जाण्याचे योग वर्षातून फार थोडे येतात. दिवाळीचा हंगाम आटोपल्यानंतरचे चार दिवस, किंवा मुलांच्या परीक्षा संपल्यावर मे महिन्यातील एखादा आठवडा, एवढीच काय ती सवड. त्यातही पेढीवर कोणाला ठेवायचे, मालाची आवक कोणी पाहायची, याची व्यवस्था लावूनच घराबाहेर पडावे लागते. अलीकडे अशा सहलींत ऑरलँडो, सिंगापूर, टोकियो किंवा अबुधाबी येथील मनोरंजन उद्यानांचा समावेश हटकून असतो आणि महाराष्ट्रात खोपोलीजवळचे इमॅजिका तर अनेकांच्या एका दिवसाच्या आवाक्यात आहे. विमानाचे भाडे, हॉटेल, प्रवेशशुल्क यांचा हिशेब पै-पैशापर्यंत मांडला जातो. परंतु उद्यानात काढलेल्या दहा तासांपैकी किती तास आनंदात गेले आणि किती रांगेत, याचा ताळेबंद मात्र सहसा कोणी मांडत नाही. तो मांडला, तर खर्चाची सर्वांत मोठी बाब वेळ हीच असल्याचे आढळून येईल.

मनोरंजन उद्यानातील रांग त्या उद्योगाच्या जन्मापासूनच त्याच्या सोबत आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात अॅनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँडचे उद्घाटन झाले, तेव्हा बनावट निमंत्रणपत्रिकांमुळे अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक, म्हणजे सुमारे २८ हजार माणसे आत शिरली आणि सारी व्यवस्था कोलमडली. त्याच वर्षी तेथे प्रत्येक राइडसाठी वेगळ्या कुपनांची पुस्तिका सुरू करण्यात आली. साध्या पाळण्यासाठी ‘ए’ कुपन, तर पुढे सर्वांत आकर्षक राइडसाठी ‘ई’ कुपन, अशी ती श्रेणी होती. कुपन मोजकी असल्यामुळे पाहुणा विचार करूनच ती खर्च करी. १९८२ मध्ये ही पद्धत बंद होऊन एकाच प्रवेशशुल्कात सर्व राइड खुल्या झाल्या. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला यातील मर्म लगेच उमगेल. ज्या वस्तूची किंमत पैशात घेतली जात नाही, तिची किंमत वेळेत घेतली जाते. आत गेल्यावर प्रत्येक राइड ‘फुकट’ झाली आणि तिचा भाव रांग ठरवू लागली.

ही रांग वाढते कशी, हे एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखादी राइड तासाला १,००० माणसे सामावून घेते. उद्यान नऊ वाजता उघडले आणि पहिल्या तासात ८०० माणसे आली, तर कोणालाच थांबावे लागत नाही. दहा ते एक या वेळेत मात्र दर तासाला १,४०० माणसे आली, तर प्रत्येक तासाला ४०० माणसांची बाकी पुढे ओढली जाते. एक वाजता रांगेत १,२०० माणसे उभी असतात आणि नव्याने येणाऱ्याला एक तास बारा मिनिटे थांबावे लागते. यापुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. दुपारी एक ते पाच या काळात तासाला बरोबर १,००० माणसेच आली, म्हणजे गर्दी राइडच्या क्षमतेएवढीच राहिली, तरीही रांग तसूभरही कमी होत नाही; कारण मागील बाकी फिटलेलीच नसते. संध्याकाळी येणाऱ्यांची संख्या ७०० वर उतरली, की दर तासाला ३०० माणसांची बाकी वळती होऊ लागते आणि ती पूर्ण फिटायला रात्रीचे नऊ वाजतात. जुनी उधारी वसूल न होता नवी विक्री केवळ खर्चापुरती होत राहिली, तर जी अवस्था वहीखात्याची होते, तीच या रांगेची होते.

रांगांच्या या शास्त्राला मोठी परंपरा आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नेर एरलांग या गणितज्ञाने १९०९ मध्ये या विषयावरील पहिला महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला, तर अमेरिकेतील जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये रांगेची लांबी, येणाऱ्यांचा वेग आणि थांबण्याचा काळ यांचे नाते सिद्ध केले. या शास्त्राचे तात्पर्य सामान्य माणसालाही उपयोगी पडणारे आहे. सर्वांनी एकाच वेळी एकाच ठिकाणी येण्यातून रांग जन्माला येते. म्हणून ज्याला वेळ बदलता येते, त्याला धावपळही करावी लागत नाही आणि जादा पैसेही मोजावे लागत नाहीत. हंगामाआधी माल भरून ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला हे तत्त्व नवे नाही.

नियोजनाची पहिली पायरी म्हणजे तारखेची निवड. येथे आपल्या सुट्ट्यांपेक्षा त्या देशाच्या सुट्ट्या पाहणे आवश्यक असते. अमेरिकेतील शाळांना उन्हाळी सुट्टी साधारणपणे मे महिन्याच्या अखेरीनंतर लागते. त्यामुळे मे महिन्याचे पहिले तीन आठवडे ऑरलँडोच्या उद्यानांत तुलनेने मोकळे जातात, आणि आपल्या मुलांना तर तेव्हाच सुट्टी असते. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातील थँक्सगिव्हिंगच्या सणापूर्वीचे दिवसही त्या मानाने बरे. नाताळ ते नववर्ष हा आठवडा मात्र सर्वाधिक गर्दीचा. जपानमध्ये स्थिती उलट आहे. २९ एप्रिल ते ५ मे या दरम्यान तेथे ‘गोल्डन वीक’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुट्ट्या एकापाठोपाठ येतात; त्या आठवड्यात टोकियोच्या डिस्नेलँडला जाणे म्हणजे गर्दीला आमंत्रण देणे होय. चीन आणि हाँगकाँग येथे १ मेच्या आणि ऑक्टोबरच्या आरंभीच्या सुट्ट्या टाळाव्यात. सिंगापूरच्या शाळांना जून महिन्यात आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरअखेरपर्यंत सुट्टी असते, म्हणून तेथेही मेचा पूर्वार्ध सोयीचा. अबुधाबीतील फेरारी वर्ल्ड किंवा दुबईतील आयएमजी वर्ल्ड्स ही उद्याने छताखाली असल्यामुळे उन्हाळ्यातही पाहता येतात. तेथे ईदच्या सुट्ट्या तेवढ्या लक्षात ठेवाव्यात.

इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झाले. मुंबई आणि पुणे या दोन्ही महानगरांना ते जवळ असल्यामुळे शनिवार-रविवारी दोन्हीकडची गर्दी तेथे एकवटते. ज्या गावांतील बाजारपेठ सोमवारी किंवा अन्य एखाद्या वारी बंद असते, तेथील व्यापाऱ्यांना या बाबतीत नोकरदारांपेक्षा अधिक मोकळीक आहे. मुलांच्या सुट्टीत मधल्या वाराला जाता आले, तर तोच दिवस निवडावा.

दुसरी पायरी वेळेची. उद्यान उघडण्यापूर्वी अर्धा तास दारात हजर राहणे, हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा उपाय आहे. वरील उदाहरणातील पहिल्या तासाची रिकामी राहिलेली जागा नंतर कोणालाच वापरता येत नाही. ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डमध्ये तेथील हॉटेलांत उतरलेल्या पाहुण्यांना इतरांपेक्षा अर्धा तास आधी प्रवेश मिळतो. हॉटेलच्या दरांची तुलना करताना त्या अर्ध्या तासाची किंमतही धरावी. मुख्य मिरवणूक चालू असताना आणि बंद होण्यापूर्वीच्या शेवटच्या तासात रांगा बऱ्याच ओसरतात. बंद होण्याच्या वेळेपूर्वी रांगेत दाखल झालेल्या पाहुण्यांना डिस्नेच्या उद्यानांत सहसा राइडचा लाभ दिला जातो.

तिसरी पायरी क्रमाची. जी राइड सर्वांत प्रसिद्ध तीच आधी गाठावी, असे नाही. प्रसिद्ध असून जिची क्षमता कमी, ती आधी गाठावी. डिस्ने वर्ल्डमधील डंबो या उडत्या हत्तींच्या पाळण्यात पूर्वी सोळाच हत्ती होते. एका हत्तीत दोन बालके धरली, तर एका फेरीत केवळ ३२ जणांची सोय. चढउतार धरून एका फेरीला तीन मिनिटे लागतात असे मानले, तर तासाला ६४० माणसे होतात. उलट, ज्या राइडमध्ये गाड्या अखंड चालू राहतात, तेथे ही संख्या कितीतरी अधिक असते आणि लांब दिसणारी रांगही भराभर पुढे सरकते. त्यामुळे रांगेच्या लांबीवर न जाता तिचा वेग पाहावा.

पैसे देऊन रांग टाळण्याच्या सोयीविषयीही आधीच निर्णय घेतलेला बरा. डिस्ने वर्ल्डने १९९९ मध्ये ‘फास्टपास’ नावाची विनामूल्य सोय आणली होती. ठरावीक वेळेचे तिकीट घ्यावे, तोवर अन्यत्र फिरावे आणि त्या वेळी परत यावे, अशी ती योजना. २०२१ मध्ये तिच्या जागी सशुल्क व्यवस्था आली आणि २०२४ पासून त्या व्यवस्थेतील वेळा आगाऊ राखून ठेवता येतात. तेथील हॉटेलमध्ये उतरणाऱ्यांना मुक्कामाच्या सात दिवस आधी आणि इतरांना तीन दिवस आधी ही नोंदणी खुली होते. युनिव्हर्सलच्या उद्यानांत ‘एक्सप्रेस’ पास मिळतो. हा खर्च करावा की नाही, याची कसोटी सोपी आहे. पासची रक्कम सर्वांच्या वाचणाऱ्या तासांनी भागावी. मोकळ्या दिवशी पहाटे उठणाऱ्या कुटुंबाला हा पास क्वचितच परवडतो. गर्दीच्या दिवशी वयस्कर माणसे बरोबर असतील, तर तो परवडू शकतो. दुपारी दोन वाजता थकून, मुले रडू लागल्यावर घेतलेला पास मात्र बहुधा महागच पडतो.

काही सोयींना पैसे पडत नाहीत, पण त्यांची माहिती असावी लागते. मूल लहान असल्यामुळे आई-वडिलांपैकी एकाला बाहेर थांबावे लागत असेल, तर दुसरा परत आल्यावर पहिल्याला पुन्हा पूर्ण रांग न लावता आत सोडण्याची सोय डिस्ने आणि युनिव्हर्सल या दोन्ही ठिकाणी आहे. त्यासाठी रांगेच्या तोंडाशी असलेल्या कर्मचाऱ्याला आधी सांगावे लागते. एकट्याने बसण्यास तयार असणाऱ्या तरुणांसाठी काही राइडना वेगळी, जलद सरकणारी रांग असते. मुलांची उंची घरीच मोजून न्यावी. फ्लोरिडातील स्पेस माउंटनसाठी ११२ सेंटिमीटर, तर सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनसाठी ९७ सेंटिमीटर उंची लागते. तासभर उभे राहून दारातून परत फिरणाऱ्या बालकाचे अश्रू एका मोजपट्टीने वाचू शकतात.

भोजनाच्या रांगा बारा ते दोन या वेळेत सर्वाधिक असतात. अकराच्या सुमारास जेवून घेतले, तर दोन्हीकडे लाभ होतो. सूर्यास्तापूर्वी भोजन घेणाऱ्या कुटुंबांनी त्या गावाची सूर्यास्ताची वेळ आधीच पाहून ठेवावी. ऑरलँडोत मे महिन्यात सूर्य आठच्या पुढे मावळतो, तर सिंगापूरमध्ये वर्षभर सातच्या आसपास. तेवढ्या एका तासाच्या फरकाने संध्याकाळचा सारा आराखडा बदलतो. आजी-आजोबांसाठी भर दुपारची वेळ बसून पाहण्याच्या, गारव्यातील कार्यक्रमांना द्यावी. आजोबांचे गुडघे ही नियोजनातील गौण बाब नव्हे. बहुधा त्यांच्याच आग्रहाखातर सारे एकत्र आलेले असतात.

एवढे करूनही काही काळ रांगेत जाणारच. डेव्हिड मेस्टर या अभ्यासकाने १९८५ मध्ये रांगेच्या मानसशास्त्रावर लिहिलेल्या लेखात असे दाखवून दिले, की रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो, अनिश्चित प्रतीक्षा निश्चित प्रतीक्षेपेक्षा लांब वाटते आणि अन्यायाची प्रतीक्षा न्याय्य प्रतीक्षेपेक्षा लांब वाटते. डिस्नेने २०१२ मध्ये डंबोचे हत्ती सोळावरून बत्तीस केले आणि रांगेच्या जागी मुलांना खेळण्यासाठी मोठा तंबू उभारला, तो याच जाणिवेतून. घरच्या माणसांनीही ‘अजून चाळीस मिनिटे’ असे मुलांना स्पष्ट सांगावे आणि तो वेळ गोष्टींनी, कोड्यांनी भरावा. रोजच्या धबडग्यात वडील आणि मुलगा सलग चाळीस मिनिटे बोलत उभे राहिले, असे कितीदा घडते?

मेस्टर यांनी सांगितलेल्या अन्यायाच्या मुद्द्याकडे मात्र दुर्लक्ष करून चालणार नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतील वृत्तपत्रांत असे प्रसिद्ध झाले, की काही धनिक कुटुंबे अपंग व्यक्तींना पैसे देऊन सोबत नेतात आणि त्यांच्या सवलतीचा आधार घेऊन रांग चुकवतात. त्याच वर्षी डिस्नेने सवलतीची जुनी पद्धत बंद करून नवी आणली. नियम कडक झाले, की त्यांचा जाच खऱ्या गरजूंनाही सोसावा लागतो. एकाने जागा धरून मागाहून दहा जणांनी शिरणे, तिकीट वाचावे म्हणून मुलाचे वय कमी सांगणे, हे प्रकार लहान असले तरी त्याच जातीचे आहेत. आणि तेथे वडिलांनी काय केले, हे शेजारी उभे असलेले मूल पाहतच असते. उद्या तेच मूल पेढीच्या गल्ल्यावर बसणार आहे.

म्हणूनच निघण्यापूर्वी एका संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसावे. तारीख, निघण्याची वेळ, पहिल्या तीन राइड, जेवणाची वेळ आणि पासचा निर्णय या पाच गोष्टी एका कागदावर लिहाव्यात. प्रत्येकाने, आजीपासून नातीपर्यंत, आपली एकच आवडती गोष्ट सांगावी आणि ती आधी साधावी. उरलेला दिवस मोकळा ठेवावा. सर्व राइड पाहून झाल्याच पाहिजेत, असे बंधन कोणत्याही तिकिटावर छापलेले नसते.