दार बंद असलं तरी साक्ष लिहिली जाते



गटात पैशावरून वाद झाला की आपण आधी काय मागतो? इतिवृत्ताची वही. ठराव लिहिलेला असला, खाली सह्या असल्या, की "असं ठरलंच नव्हतं" असं कोणाला म्हणता येत नाही.

पण देशाच्या लष्करानेच माणसं मारली, तर ती वही कोणी लिहायची? अशा वेळी संयुक्त राष्ट्रांची मानवी हक्क परिषद सत्यशोधन समिती नेमते.

म्यानमारचंच बघा. तिथल्या समितीचा निर्णय मार्च २०१७ मध्ये झाला. इंडोनेशियाचे मार्झुकी दारुस्मान अध्यक्ष होते, श्रीलंकेच्या राधिका कुमारस्वामी आणि ऑस्ट्रेलियाचे ख्रिस्तोफर सिडोटी सदस्य. त्याच ऑगस्टमध्ये राखाइन प्रांतात लष्कराने मोठी कारवाई सुरू केली. सात लाखांवर रोहिंग्या जीव घेऊन बांगलादेशात पळाले.

म्यानमार सरकारने समितीला देशात पाऊल ठेवू दिलं नाही. म्हणून काम थांबलं का? नाही. समितीने बाहेर पडलेल्या माणसांना गाठलं. ८७५ पीडितांच्या आणि साक्षीदारांच्या मुलाखती घेतल्या. एकाचं सांगणं दुसऱ्याच्या सांगण्याशी आणि उपग्रहाच्या छायाचित्रांशी ताडून पाहिलं. निदान ३९२ गावं पूर्ण किंवा अर्धवट उद्ध्वस्त झालेली दिसली. बायकांवरचे सामूहिक बलात्कारही नोंदवले गेले.

ऑगस्ट २०१८ च्या अहवालात समितीने स्पष्ट म्हटलं, की लष्करप्रमुख मिन आंग लाइंग आणि इतर बड्या सेनाधिकाऱ्यांची वंशसंहारासाठी चौकशी व्हावी, खटला चालावा.

आता तुम्ही विचाराल, "ताई, पुढे काय झालं?" समितीला कोणाला अटक करता येत नाही, शिक्षाही देता येत नाही. तो सेनाप्रमुख तर २०२१ मध्ये सत्ता बळकावून बसला. पण नोंद वाया गेली नाही. २०१९ मध्ये गांबिया हा आफ्रिकेतला छोटा देश आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने या अहवालांचा आधार घेऊन म्यानमारला बजावलं, की रोहिंग्यांचं रक्षण करा आणि पुरावे नष्ट होऊ देऊ नका.

यातून आपण एवढं घेऊ. एखादी बहीण मारहाणीचं सांगायला आली, तर तिला बाजूला बसवून ऐका. तिला विचारूनच तारखेसह लिहून ठेवा. तिचं नाव चारचौघांत नेऊ नका. न्याय उशिरा आला, तरी त्या दिवशी ती वही जागेवर असली पाहिजे.