पाण्याखालील सोबत

संसारास सागराची उपमा देण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. परंतु खऱ्या सागरांत पतिपत्नींनीं जोडीनें उतरण्याची सोय आतां कोकणांतच झाली आहे. 1981 सालीं रत्नागिरीपासून निराळ्या झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांत, मालवणजवळ तारकर्ली येथें, महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग शिकविणारी संस्था आहे. पावसाळा सोडून इतर दिवसांत सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरांत प्रवाळ व रंगीत मासे पाहावयास मिळतात.

पाठीवर दाबून भरलेल्या हवेचें नळकांडें घेऊन मारावयाच्या या बुडीचा पहिला नियम असा कीं, एकट्यानें उतरावयाचें नाहीं. सोबत्यास ‘बडी’ म्हणतात. उतरण्यापूर्वीं प्रत्येकानें दुसऱ्याचे पट्टे, नळ्या व हवेचा सांठा तपासावयाचा. एकाची हवा संपली तर दुसऱ्यानें आपली जादा नळी त्याच्या तोंडीं द्यावयाची आणि दोघांनीं मिळून सावकाश वर यावयाचें. श्वास मात्र कधींहि रोखावयाचा नाहीं. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट असतो. वर येतांना कोंडलेली हवा फुगून फुफ्फुसास इजा होते.

ऑस्ट्रियांतील हान्स व लोटे हास हें दांपत्य या विद्येच्या आद्य प्रवर्तकांपैकीं होय. 1950 सालीं त्यांचा विवाह झाला आणि 2013 मध्यें हान्स वारले तोंपर्यंत ती सोबत टिकली.

दीर्घ सहवासाचा लाभ उघड आहे: जोडीदाराची भीति खुणेआधींच कळते. परंतु धोकाहि तेथेंच असतो. ‘तिचें सारें ठीकच असणार’ असें समजून तपासणी टाळली जाते. पतीचा विरस नको म्हणून पत्नी भीति दाबून पुढें जाते. यासाठीं दुसरा नियम आहे: कोणीहि, केव्हांहि, कारण न सांगतां बुडी थांबवावी, आणि दुसऱ्यानें रुसूं नये. तर्जनी व अंगठा जुळवून केलेलें वर्तुळ म्हणजे ‘ठीक आहे’. उंचावलेला अंगठा म्हणजे शाबासकी नव्हे, ‘वर चला’. तो दिसतांच वादास जागा नाहीं.

मोठ्या कुटुंबांत सर्वांची मर्जी राखतांना ‘मला नको’ हे शब्द गिळण्याची संवय आपल्या स्त्रियांना लहानपणापासूनच लागते. पाण्याखालीं ती संवय जिवावर बेतते. तेव्हां जोडीनें तारकर्लीस जाणाऱ्यांनीं वैद्यकीय तपासणी तर करवून घ्यावीच. पण एकमेकांचा नकार निमूटपणें मानण्याचा अभ्यास घरींच सुरू करावा. तो किनाऱ्यावरहि वायां जाणार नाहीं.