धूर नसलेली धुराडी

इंग्लंडातल्या लेस्टरमधली डी माँटफर्ट विद्यापीठाची क्वीन्स बिल्डिंग लांबून जुन्या कापडगिरणीसारखी दिसते. लाल विटा, छपरावर उंच धुराडी. 1993 मध्ये खुली झालेली ही अभियांत्रिकीची इमारत अ‍ॅलन शॉर्ट आणि ब्रायन फोर्ड यांनी रचली. धुराड्यांतून निघते ती विद्यार्थ्यांनी तापवलेली हवा.

बसलेला माणूस साधारण 100 वॉट उष्णता सोडतो. दीडशे पोरं वर्गात बसली, की दीड किलोवॉटच्या दहा शेगड्या पेटल्यासारखंच! बाहेर 15 अंश आणि आत 25 अंश असेल, तर आतली हवा घनमीटरमागे जेमतेम 40 ग्रॅम हलकी. पण धुराडं 10 मीटर उंच धरलं, तर हाच फरक चौरस मीटरमागे 400 ग्रॅम होतो. तेवढा रेटा पुरतो. गरम हवा वर सटकते, बाकांखालून गार हवा आत येते. जाड भिंती दिवसाची उष्णता पोटात घेतात. रात्रीच्या गार हवेने ती घालवायची. मे महिन्यातल्या मुंबईत हे जमणं कठीण, तिथे रात्रही घामाचीच.

हे सगळं ठरलेल्या वापरासाठी बेतलेलं. पण इमारतीचा वापरच बदलला तर? अमेरिकेत एमआयटी विद्यापीठाची लाकडी ‘बिल्डिंग 20’ 1943 मध्ये युद्धापुरती घाईने उभारली होती. ती 1998 पर्यंत राबली. तार न्यायची असेल तर भिंतीला सरळ भोक पाडायचं. अणुघड्याळाचं यंत्र उंच निघालं, तेव्हा मधल्या दोन मजल्यांची जमीनच कापून काढली.