वर्खाहून पातळ चांदी, खिडकीच्या काचेला

खिडकीला चांदी लावतात म्हटलं की कुणा नवकोट नारायणाचे चाळे वाटतात. पण ऊन-थंडी अडवणाऱ्या ‘लो-ई’ काचेवर बहुतेकदा खरोखरच चांदी असते. थर मात्र जेमतेम 10 ते 15 नॅनोमीटरचा. मिठाईवरचा वर्ख त्याच्यापुढे जाडजूड!

चांदी चढवण्याची तऱ्हाही न्यारी. निर्वात पेटीत जरासा आर्गॉन वायू सोडायचा. त्याचे विद्युतभारित अणू चांदीच्या पट्टीवर आदळतात, तिथले कण उडवतात आणि ते पुढे सरकणाऱ्या काचेवर जाऊन बसतात. नुसती चांदी आरशासारखी चमकेल, म्हणून तिच्या खाली-वर झिंक ऑक्साइडसारखे पारदर्शक थर. उजेड आत येतो, उष्णतेचे किरण आल्या वाटेने परत. उष्णता किरणांच्या रूपात सोडण्याची साध्या काचेची क्षमता 0.84, चांदीवाल्या काचेची 0.04च्या आसपास.

हवा लागली की चांदी काळवंडते. म्हणून दुहेरी काचेच्या पोटात तिला कोंडून ठेवतात. दोन काचांच्या चार बाजू बाहेरून मोजायच्या : उन्हाच्या मुलखात चांदी दुसऱ्या बाजूवर, कडाक्याच्या थंडीत बहुधा तिसऱ्या. दुकानदारावर भरवसा नसेल तर काचेसमोर लायटर पेटवा. चार ज्योती दिसतील. जिचा रंग वेगळा, तिथे चांदी.

थंड देशांत कधी कधी पहाटे या खिडक्यांवर बाहेरून दव धरतं आणि लोक कुरकुरतात. खरं तर घरातली ऊब बाहेर गळत नाही, म्हणूनच बाहेरची काच इतकी गार!

किस्सा मात्र न्यूयॉर्कचाच भारी. एम्पायर स्टेट बिल्डिंगने 2010मध्ये 6,514 खिडक्या सुधारल्या, त्याही इमारतीतच, पाचव्या मजल्यावर कारखाना थाटून. जुन्याच काचा, मधे लेप दिलेली फिल्म ताणलेली, पोकळीत वायू. नव्या काचांचा खर्च जवळपास वाचला.

एक खोड आहे : ही चांदी मोबाइलची रेंजही अडवते. युरोपात काही रेल्वेडब्यांच्या खिडक्यांवर त्यासाठी लेसरने लेपात बारीक रेघा मारतात, इतक्या बारीक की सहज दिसूही नयेत. अशा रेघांच्या जाळीतून फोनच्या लांब लहरी निसटतात; उष्णतेच्या लहरी कित्येक पटींनी आखूड, त्यांना रेघांमधली उरलेली चांदी भिंतीसारखीच आडवी येते.