सायकलस्वारासाठी रस्त्यात जागा

नेदरलँड्स हा सायकलींचा देश म्हणून सर्वत्र ओळखला जातो. सपाट भूमी आणि लोकांची आवड यांमुळेच हे साधले, असा आपल्याकडे समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेही मोटारी वाढल्या, रस्ते त्यांच्यासाठी रुंद झाले आणि सायकलस्वार कडेला ढकलला गेला. १९७१ साली त्या लहानशा देशात सुमारे ३,३०० माणसे रस्त्यांवर मृत्युमुखी पडली. त्यांत चारशेहून अधिक बालके होती.

अशाच एका अपघातात आपली कन्या गमावलेले पत्रकार फिक लांगेनहोफ यांनी १९७२ मध्ये 'डे टाइड' या कॅथलिक परंपरेच्या दैनिकात लेख लिहून 'बालहत्या थांबवा' अशी हाक दिली. शब्द कठोर होता; आमच्या मते तो कठोरच असावयास हवा होता. त्याच नावाने पालकांची चळवळ उभी राहिली. १९७३ च्या तेलटंचाईत काही रविवारी मोटारी बंद राहिल्या आणि रिकाम्या रस्त्यांवर मुले खेळली. १९७६ मध्ये निवासी गल्ल्यांविषयी कायदा झाला: तेथे पादचारी आणि खेळणारी मुले यांचा संपूर्ण रस्त्यावर हक्क आणि वाहनांनी चालीच्या वेगाने जावे. आज तेथे मोटारी कितीतरी वाढल्या असूनही अलीकडच्या वर्षांत रस्त्यांवरील मृत्यू वर्षाला साडेसातशेच्या आत आहेत.

आपल्याकडे पुण्यासारख्या एकेकाळच्या सायकलींच्या शहरात स्वतंत्र मार्ग बांधले गेले. परंतु बऱ्याच ठिकाणी त्यांवर दुचाकी उभ्या असतात, आणि जेथे धोका सर्वाधिक त्या चौकातच मार्ग संपतो. केवळ रंगाचा पट्टा ओढून सायकलस्वाराचे रक्षण होत नाही. वाहनाचा वेग ताशी ३० किलोमीटरवरून ६० वर गेला की धडकेतील ऊर्जा चौपट होते. म्हणून शाळेपुढील रस्त्यावर आधी वेग उतरविणे अगत्याचे.

महापालिकेकडे बोट दाखविण्यापूर्वी आपण आपल्या आवारातही डोकवावे. कित्येक चर्चच्या आणि शाळांच्या आवारात मोटारींसाठी पांढऱ्या रेषा आखलेल्या असतात, सायकल मात्र भिंतीला टेकवून ठेवावी लागते. पहाटेच्या मिस्साला सायकलने येणारे वृद्ध आणि कामगार काही मागत नाहीत, म्हणून त्यांची गरज कुणाच्या ध्यानी येत नाही. प्रवेशद्वारापाशी, सावलीत, सायकलचा सांगाडा साखळीने बांधता येईल असा लोखंडी स्टँड धर्मग्राम समितीने बसवावा. एका मोटारीच्या जागेत आठ सायकली सहज मावतात.