पोहण्याच्या क्लबाची पारख

उन्हाळ्याची सुटी लागली कीं दादरला शिवाजी पार्काजवळच्या महात्मा गांधी जलतरण तलावाकडे टॉवेल खांद्यावर टाकलेलीं मुलें निघतात. मूल क्लबांत घातलें, फी भरली, आपलें काम झालें, असें पुष्कळ पालक समजतात. मीहि तसेंच समजत होतों.

दोन वर्षांपूर्वीं नातवासाठीं एक क्लब पाहिला. तेथील कपाट चषकांनीं भरलेलें. मीं दुसरें कांहीं विचारलेंच नाहीं. तिसऱ्या आठवड्यांत पोर उथळ पाण्यांतून घसरून खोल भागाकडे गेलें. तीसएक मुलांमागें शिक्षक एक, आणि तोहि त्या क्षणीं पाठमोरा. एका मुलीच्या आईनें दंड धरून त्याला वर ओढलें. पस्तीस वर्षें वर्गांत हजेरी घेतलेल्या मास्तराला तेथें पट मोजावा असें सुचलें नाहीं, याची लाज अजून वाटते.

शाळातपासणीला येणारे अधिकारी नुसता निकाल पाहून जात नसत. शिक्षक प्रशिक्षित आहेत काय, पिण्याचें पाणी कोठें आहे, हेंहि पाहत. इंग्लंडांतील जलतरण संस्था १८६९ सालची. अलीकडच्या काळांत तिनें क्लबांसाठीं ‘स्विममार्क’ नांवाची अशीच मान्यता काढली. ती पदकें मोजून मिळत नसे; शिकविणारे पात्र आहेत काय, मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणावर, नवशिक्याला पुढें नेण्याची योजना कोणती, हें त्यांत पाहत. आपल्याकडे क्लब ‘संलग्न’ असल्याचें अभिमानानें सांगतात. संलग्नतेमुळें संघटनेच्या स्पर्धांत उतरतां येतें. शिकवणी चांगली असल्याचा तो दाखला नव्हे.

चांगल्या क्लबांत पायऱ्या ठरलेल्या असतात. प्रथम तोंड बुडवून श्वास सोडणें, मग तरंगणें, मग भिंतीला पाय रेटून सरळ सरकत जाणें. हातपाय मारणें त्यानंतर. भीति जाण्यापूर्वींच हात मारावयास लावलें तर मूल मान वर काढून धडपडतें, आणि मान वर गेली कीं कंबर खालीं बुडालीच. चारी शैली आल्यावर वाटा फुटतात. वेगाची हौस असेल त्यास वयोगटांच्या स्पर्धा, चेंडूची असेल त्यास वॉटरपोलो, दमाचा असेल त्यास समुद्र; धरमतरहून गेटवे ऑफ इंडियापर्यंतचें अंतर सुमारें ३६ किलोमीटर आहे! यांतलें कांहींच नको असेल त्यास निदान बुडणाऱ्याकडे स्वतः उडी न टाकतां बांबू पुढें करणें यावें.

चषकांवर भाळणाऱ्यांनीं एक हिशेब करावा. आशियाई स्पर्धांत १९५१ सालीं सचिन नाग यांनीं सुवर्णपदक मिळविलें. १९८६ मध्यें खजानसिंग यांस रौप्य मिळालें. त्यानंतर पोहण्यांतलें पदक आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांनीं आणलें तें २०१० सालीं, म्हणजे चोवीस वर्षांनीं. मधल्या काळांत पोहणें शिकलेल्या लाखों मुलांना पदक नव्हे, पाणी हवें होतें.

नातवास पुढें दुसऱ्या क्लबांत नेलें. तेथें चषक दोनच, तेहि धुळीनें माखलेले. शिक्षकांनीं पहिल्याच दिवशीं विचारलें, “आजोबा, हा पाण्याला भितो का?” मीं घडलेलें सगळें सांगितलें. त्यांनीं महिनाभर त्याच्याकडून नुसते बुडबुडे काढून घेतले.