सूर्यरोधक प्रसाधने

सूर्यप्रकाशातील जंबुपार प्रारण (दृश्य वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य प्रारण) त्वचेत शिरण्यापूर्वी अडविणाऱ्या लेपांना सूर्यरोधक प्रसाधने किंवा रूढ भाषेत सनस्क्रीन म्हणतात. या प्रारणाचे दोन पट्टे महत्त्वाचे आहेत. सु. २९०–३२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या ‘बी’ पट्ट्याने त्वचा भाजते; ३२०–४०० नॅनोमीटरचा ‘ए’ पट्टा अधिक खोल जातो व अकाली सुरकुत्या पाडतो. दोन्ही त्वचेच्या कर्करोगास कारणीभूत ठरू शकतात. सावळ्या त्वचेतील मेलॅनीन या रंजकद्रव्यामुळे भारतीयांत या कर्करोगाचे प्रमाण गौरवर्णीयांच्या मानाने बरेच कमी आहे. येथील नित्याची तक्रार वांग व काळे डाग यांची असते.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) सु. २०° उत्तर अक्षवृत्तावर असल्याने तेथे मेच्या तिसऱ्या आठवड्यात व जुलैच्या उत्तरार्धात सूर्य माध्यान्ही थेट माथ्यावर येतो. जुलैत बहुधा ढग असतात. मेमध्ये मात्र जंबुपार निर्देशांक अकराच्या पुढे जाऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटना हा निर्देशांक तीन झाल्यापासूनच संरक्षणाची शिफारस करते.

सूर्यरोधक द्रव्ये दोन प्रकारची असतात. झिंक ऑक्साइड व टिटॅनियम डाय-ऑक्साइड ही खनिज द्रव्ये होत. ती आरशाप्रमाणे केवळ किरण परतवितात, ही समजूत बरोबर नाही. त्यांचेही मुख्य कार्य शोषणाचेच आहे. ऑक्सिबेंझोन, ऑक्टिनोक्झेट, ऑक्टोक्रायलीन इ. कार्बनी द्रव्ये प्रारण शोषून त्याचे उष्णतेत रूपांतर करतात. ती त्वचेवर पांढरट दिसत नाहीत, म्हणून लोकप्रिय आहेत. वेष्टनावरील एसपीएफ हा अंक मुख्यतः ‘बी’ पट्ट्यापुरता असतो. अंक १५ असल्यास सु. ९३, ३० असल्यास सु. ९७ व ५० असल्यास सु. ९८ टक्के प्रारण अडते. म्हणजे ३० च्या पुढे लाभ थोडाच वाढतो. शिवाय हे मापन दर चौ. सेंमी. स २ मिग्रॅ. लेप धरून केलेले असते व प्रत्यक्षात लोक त्याहून पुष्कळच कमी लावतात.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ व २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत कार्बनी द्रव्ये त्वचेतून रक्तात उतरत असल्याचे आढळले. रक्तात आढळणे म्हणजे अपाय होणे नव्हे, हेही त्या प्रशासनाने स्पष्ट केले. तथापि पुरेशा पुराव्यानिशी सुरक्षित मानता येतील अशी दोन खनिज द्रव्येच त्याने २०१९ च्या प्रस्तावात गणली. यूरोपीय संघाने २०२२ मध्ये ऑक्सिबेंझोनाची मर्यादा अंगाच्या लेपांत २·२ टक्क्यांवर आणली.

हे द्रव्य प्रवाळांसही घातक ठरू शकते. २०२२ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी प्रवाळांच्या जवळच्या समुद्रपुष्प या प्राण्यावर प्रयोग केले. त्याच्या शरीरात ऑक्सिबेंझोनाशी शर्करा जोडली जाते आणि बनलेले संयुग सूर्यप्रकाशात विषारी होते, असे त्यांना दिसले. हवाईने ऑक्सिबेंझोन व ऑक्टिनोक्झेट असलेल्या लेपांची खुली विक्री २०२१ पासून थांबविली. महाराष्ट्रात मालवणच्या सागरी अभयारण्यात प्रवाळ आहेत व ते पाहण्यासाठी पर्यटक पाण्यात उतरतात. प्रवाळांचे मोठे संकट समुद्राच्या तापमानवाढीचे आहे. पण त्यात या लेपांची भर घालण्याचे कारण नाही.

समुद्रापासून दूरच्या शहरासही हा प्रश्न चुकत नाही. अंगावरचा लेप स्नानाच्या पाण्याबरोबर सांडपाण्यात जातो आणि कार्बनी द्रव्यांपैकी काही शुद्धीकरणानंतरही अंशतः उरतात. संभाजीनगरातून वाहणारी खाम नदी गोदावरीस मिळते. त्याच गोदावरीवरील पैठणच्या नाथसागरातून शहर पिण्याचे पाणी घेते आणि त्या जलाशयावर पक्षी अभयारण्यही आहे.

म्हणून लेप जितका कमी लागेल तितके बरे. कापड धुऊन जात नाही आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागत नाही. मराठवाड्यातील शेतमजूर स्त्रिया लुगड्यावर पूर्ण बाह्यांचा पुरुषी सदरा घालतात व डोक्याला रुमाल गुंडाळतात. दुचाकीवरील मुली ओढणीने चेहरा झाकतात. या पद्धतींना कोणी शास्त्रीय म्हणत नसले, तरी घट्ट विणीच्या कापडाने बहुतेक प्रारण अडते. उरलेल्या चेहरा, मान व हातांसाठी झिंक ऑक्साइडचा, एसपीएफ ३० च्या आसपासचा व ‘ए’ पट्टाही अडविणारा लेप निवडावा. सावळ्या त्वचेवर तो पांढरट दिसतो. लोह ऑक्साइड मिसळलेले रंगीत लेप हा दोष टाळतात व वांग वाढविणारा दृश्य प्रकाशही काहीसा अडवितात. फवाऱ्याचे प्रकार टाळणे इष्ट, कारण त्यांचे कण श्वासावाटे फुप्फुसांत जाऊ शकतात. सहा महिन्यांखालील बालकांस लेप न लावता सावलीतच ठेवावे.

‘प्रवाळांस सुरक्षित’ या छापील शब्दांना निश्चित कायदेशीर व्याख्या नाही. त्यापेक्षा घटकांची यादी वाचावी. तिच्यात ऑक्सिबेंझोन हे बेंझोफिनोन-३ या, तर ऑक्टिनोक्झेट हे एथिलहेक्झिल मेथॉक्सिसिनॅमेट या नावाने येते. ऑक्टोक्रायलीन असलेली जुनी नळी वापरू नये. साठवणीत त्यापासून हळूहळू बेंझोफिनोन तयार होते.